दुधाच्या पिशवीवरची तारीख बघता, मग बिअरच्या बाटलीवरची का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'घरच्या घरी बिअर टेस्टिंग' असा अर्ध्या पानाचा लेख आला होता, फोटोत लाकडी फळीवर चार ग्लास, शेजारी ऑलिव्ह, निळी बुरशीवालं चीज आणि मागे फेअरी लाईट्स. लेख वाईट नव्हता पण त्यात बिअरबद्दल जेवढं होतं त्यापेक्षा टेबलक्लॉथबद्दल जास्त होतं, आणि 'थंडगार बिअर आणा' यापलीकडे ती कुठून आणायची, कशी बघून घ्यायची, किती आणायची याबद्दल एक ओळ नाही. मी तसलाच कार्यक्रम मे महिन्यात घरी केला, त्यात जे हाती लागलं ते कळवावं म्हणून हे पत्र. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर खुशाल करा, फक्त तारखेचा मुद्दा तेवढा राहू द्या.

आधी माझं सांगतो. भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. पिण्याचं म्हणाल तर महिन्यातून दोनदा, मित्रांबरोबर, आणि तेही आपलं नेहमीचं, म्हणजे जी थंड असेल ती द्या. बिअर चाखायची असते हे डोक्यात यायला मुलगी कारण झाली, ती म्हणाली बाबा तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट केले, जे स्वतः पिता ते कधी तपासलंय का. लागलं ना ते मनाला. मग ठरवलं, आम्ही दोघं नवराबायको आणि सहा पाहुणे असे आठ जण, सहा प्रकार, प्रत्येकाला थोडंथोडंच, आणि कागदावर मार्क द्यायचे. मुलगी पिणार नाही, ती ओतून देणार.

पहिली फजिती तारखेची. सगळ्यांना सुट्टी म्हणून १ मे धरला, ग्रुपवर आठही जणांचे अंगठे आले, आणि दोन दिवसांनी एकाच्या लक्षात आलं की महाराष्ट्र दिन म्हणजे ड्राय डे. घरात पिण्याला कोण अडवतंय म्हणा, पण दुकान बंद आणि मला ताजी बिअर त्याच दिवशी दुपारी आणायची होती, म्हणून पुढच्या शनिवारवर ढकललं. दुसरी गोष्ट परवान्याची. आपल्याकडे दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून हे चालू आहे, आणि बिअर त्यात येते. मी आजन्म परवाना काढला तेव्हा त्याची फी १००० रुपये होती, वर्षाची १००, आणि दुकानात जो एक दिवसाचा कागद फाडून देतात तो ५ रुपयांचा. मित्र हसले, म्हणाले तुझ्या घरी बिअर प्यायला यायचं तर काय पासपोर्ट आणू का. हसा बापडे, पण घरी आठ माणसं बोलावून बाटल्या मांडायच्या तर निदान यजमानाचे कागद तरी जागेवर असावेत असं माझं मत आहे. आणि हो, एकजण गोव्याहून येणार होता, तो म्हणाला तिथून स्वस्तात क्रेट आणतो, त्याला हात जोडून नको म्हटलं, गोव्याचा माल परवानगीशिवाय इकडे आणला की हद्दीवरच्या बांद्याच्या नाक्यावर पकडतात आणि केस होते.

आता हिशोब. लेखात 'भरपूर साठा ठेवा' असं लिहिलंय ते वाचून मी कपाळावर हात मारला. टेस्टिंगला भरपूर लागतच नाही. एका प्रकाराची माणशी १०० मिली, म्हणजे आठ जणांना ८०० मिली, ३३० च्या तीन पाइंट किंवा ५०० चे दोन कॅन आणले की झालं. असे पाच प्रकार आणि पहिला एक प्रयोग (तो पुढे सांगतो) माणशी १२० मिलीचा, म्हणजे अख्ख्या संध्याकाळी एकेकाच्या पोटात ६२० मिली, आपली मोठी बाटली ६५० ची असते, तीसुद्धा पुरी नाही. टक्क्यांचा गुणाकार केला तर माणशी साधारण ३५ मिली शुद्ध अल्कोहोल होतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली एकट्यानं प्यायली तर ५२ मिली. हे गणित मी कागदावर करून दाखवलं तेव्हा आमच्यातला एक जो नेहमी 'बिअर म्हणजे काय दारू थोडीच' म्हणतो तो जरा गप्प झाला.

खरेदीला गेलो तिथून खरी कथा सुरू होते. घराजवळच्या दुकानात गेलो, नाव लिहीत नाही कारण तो एकटाच तसा आहे असं नाही. दुकानाच्या बाहेर फुटपाथला लागून क्रेटची थप्पी, दुपारचे साडेतीन, एप्रिल अखेर, पुण्यात पारा चाळीसच्या आसपास, आणि त्या थप्पीवर थेट ऊन. मी एक बाटली उचलली आणि सवयीनं तारीख शोधायला लागलो, तर ती मानेवर ठिपक्याठिपक्यांची छापलेली, निम्मी पुसलेली, चष्मा कपाळावर चढवून उजेडाकडे धरून वाचली तेव्हा कळलं माल भरून पाच महिने होऊन गेलेत, आणि लेबलवर सहा महिन्यांच्या आत वापरा असं लिहिलेलं. मी म्हटलं अहो ही जुनी आहे, आतली द्या. तर गल्ल्यावरचा पोरगा म्हणतो, 'काका, बिअर कधी खराब होते का? ती जेवढी जुनी तेवढी भारी.' मागे रांगेतले दोघं हसले आणि मान डोलावली. म्हणजे हा गैरसमज फक्त त्या पोराचा नाही. अहो ते व्हिस्कीचं आणि तेही लाकडी पिंपात असेपर्यंतचं, आपण जी साधी बिअर पितो ती जुनी होऊन भारी होत नाही, शिळी होते. दुधाची पिशवी घेताना याच रांगेतली माणसं तारीख बघतात, ब्रेडची बघतात, आणि दीड-दोनशे रुपयांची बाटली डोळे मिटून घेतात.

तिथंच मला प्रयोग सुचला. दुसऱ्या एका दुकानातून, जिथं माल आत सावलीत आणि फ्रिजमध्ये होता, एकाच कंपनीच्या एकाच तारखेच्या तीन पाइंट घेतल्या, हिरव्या काचेच्या, साधी लागर, म्हणजे नेहमी मिळते ती पिवळी बिअर. एक सरळ घरच्या फ्रिजमध्ये. दुसरी गाडीच्या डिकीत, कापडात गुंडाळून, पंधरा दिवस, म्हणजे ऊन नाही पण उष्णता पुरेपूर. तिसरी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत, म्हणजे ऊन आहे पण भाजणारं नाही. मग तिन्ही एकत्र फ्रिजमध्ये. बायको म्हणाली, चांगली बाटली मुद्दाम खराब करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय.

यामागचं थोडं सांगतो, कारण लेखात ते असायला हवं होतं. बिअरला जो कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून. त्या कडू द्रव्यावर उजेड पडला की ते फुटतं आणि गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, पांढरी तर जवळजवळ नाहीच, कॅनला प्रश्नच नाही. उष्णतेचं वेगळं असतं, बाटलीत राहिलेल्या थोड्याशा ऑक्सिजननं बिअर हळूहळू जुनी होतच असते, गरम जागी ते भराभर होतं आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होत जाते. एवढंच. यात कुठलं भेसळीचं कारस्थान नाही. आमच्या तरुणपणी बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात उलटी धरायचे, 'ग्लिसरीन खाली उतरतं' म्हणून, आठवत असेल बऱ्याच जणांना. जड बिअर खालच्या पाण्यात उतरताना रेघा दिसतात त्याला लोक ग्लिसरीन समजायचे, आणि सगळा गॅस आणि निम्मी चव घालवून मग प्यायचे.

ग्लासचंही सांगितलं पाहिजे. बोहरी आळीतून साधे २०० मिलीचे काचेचे ग्लास दोन डझन आणले, निम्मेच भरायचे, वरचा निम्मा रिकामा ठेवायचा म्हणजे वास तिथं साठतो. आदल्या रात्री भांड्याच्या साबणानं घासून, टॉवेलनं पुसून, चकचकीत करून ठेवले आणि सहज एकात ओतून बघितली तर फेस दहा सेकंदात गायब आणि काचेला आतून बुडबुडे चिकटलेले. साबणाचा आणि टॉवेलचा अगदी पातळ थर राहिला तरी फेस मरतो. मग चोवीसच्या चोवीस पुन्हा खायच्या सोड्यानं धुतले, तीनदा पाण्यानं काढले आणि न पुसता जाळीवर पालथे घातले. रात्रीचे साडेअकरा झाले. घरातल्यांची मतं इथं लिहीत नाही.

तर शनिवारी साडेसहाला मंडळी जमली. आल्याआल्या पहिला घोटाळा, एका वहिनींनी मोगऱ्याचा घसघशीत गजरा माळलेला, आणि आत बायकोनं सुके बोंबील तळायला घेतलेले. वास घ्यायचा कार्यक्रम आणि घरात हे दोन वास. बोंबील तात्काळ थांबवले, खिडक्या उघडल्या, पंखा फुल्ल केला, गजऱ्याबद्दल बोलायची माझी हिंमत झाली नाही, त्यांनी स्वतःच समजून तो काढून देवापुढे ठेवला.

मुलीनं आतल्या खोलीत तिन्ही बाटल्या ओतल्या. ३३० मिलीचे आठ भाग म्हणजे प्रत्येकी ४० मिली, बरोब्बर. ग्लासच्या बुडाला मार्करनं ३७, ५२, ८१ असे आकडे, कुठला आकडा कुठल्या बाटलीचा ते फक्त तिला माहीत. मी कागद वाटले, नातवाच्या वहीची पानं फाडून, चार रकाने, रंग, वास, चव आणि गिळल्यावर मागे काय राहतं ते. पहिले वास घ्या, मग घोट, मग लिहा, आणि लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. पाच मिनिटं बैठकीच्या खोलीत जी शांतता होती ती आमच्या ग्रुपमध्ये गेल्या तीस वर्षांत झालेली नाही.

उन्हातली बाटली आठातल्या सहा जणांनी ओळखली, म्हणजे काय झालंय ते नाही सांगता आलं पण 'ही नको' असं लिहिलं. इंग्रज लोक त्या वासाला स्कंक नावाच्या प्राण्याचं नाव देतात, तो आपल्याकडे नाही, आमच्या कागदांवर 'घाणेरीचा पाला चुरगळल्यासारखा', 'रबर' आणि एकानं नुसतंच 'शी' असं आलं. फक्त तीन तास सकाळचं ऊन हो! उरलेल्या दोघांपैकी एकानं, जो आमच्यात सगळ्यात जास्त बिअर प्यायलेला, त्यानं त्याच ग्लासला सर्वांत जास्त मार्क दिले आणि शेरा लिहिला 'हिच्यात दम आहे'.

पण माझं डोकं फिरलं ते डिकीतल्या बाटलीच्या निकालानं. आठपैकी चारच जणांनी तिला शिळी म्हटलं, आणि तीन कागदांवर जवळजवळ एकच वाक्य, 'ही आपली नेहमीची'. परत वाचा साहेब. पंधरा दिवस उन्हाळ्यात डिकीत शिजलेली बिअर लोकांना नेहमीची वाटली आणि फ्रिजमधली नीट ठेवलेली त्यांना 'जरा वेगळी, हलकी, कुठल्या कंपनीची आहे?' अशी वाटली. मी क्वालिटीतला माणूस, मला हे बघून आमच्या कारखान्यातला एक जुना किस्सा आठवला, माप तपासायचं गेजच खराब होतं आणि सहा महिने आम्ही चांगले पार्ट परत पाठवत होतो. जिभेचं गेज कुठल्या मालावर सेट झालंय ते त्या संध्याकाळी दिसलं.

पुढचे प्रकार मग मजेत झाले, त्यात आमची आई मध्ये आली. आई ८२ वर्षांची, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण नाक असं की शेजारच्या घरात गोडा मसाला भाजत असतील तर त्यात दगडफूल कमी पडलंय हे इथून सांगेल. ती आपली जप आटोपून बाहेर आली आणि म्हणाली काय हुंगताय रे सगळे, बघू. पहिला ग्लास हातात दिला तो विटबिअरचा, बेल्जियन पद्धतीची गव्हाची, ढगाळ दिसते. आईनं नाकाशी नेला आणि म्हणाली, 'यात धने आहेत. आणि संत्र्याची साल वाळवून घातलीय.' बरोबर तेच दोन जिन्नस त्यात घालतात! बेल्जियममध्ये ही पद्धत बंदच पडली होती, १९६६ मध्ये हूखार्डन गावात पिअर सेलिस नावाच्या माणसानं ती पुन्हा सुरू केली म्हणून आज आपल्याला मिळतेय. दुसरा ग्लास जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा, त्याला आई म्हणाली पिकलेलं केळं आणि लवंग, आणि मागून आंबोळीचं पीठ फसफसल्याचा वास. आता यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, ते दोन्ही वास त्या यीस्टच्याच अंगचे, आंबताना तयार होतात. आठ जणांपैकी लवंग फक्त माझ्या बायकोनं लिहिली होती. बाकी सगळ्यांनी 'छान', 'मस्त', 'स्मूथ' असले शेरे मारलेले, स्मूथ म्हणजे काय ते विचारलं तर सांगता येईना.

आईला मग बिअर कशी करतात ते सांगावं लागलं. सोपं आहे, जव म्हणजे आपले सातू, त्याला मोड आणायचे आणि वाळवायचे, नाचणीच्या सत्त्वाला आपण मोड आणतो तसंच, मग ते भरडून गरम पाण्यात ठेवायचं की त्यातल्या पिठाची साखर होते, ते पाणी हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. गार जागी सावकाश आंबवली की लागर, जरा उबदार जागी भरभर आंबवली की एल. मोड आलेले सातू जास्त भाजले की काळी बिअर. १५१६ साली बव्हेरियात तिथल्या ड्यूकनं नियमच केला होता की जव, हॉप्स आणि पाणी यापलीकडे काही घालायचं नाही, यीस्टचं नाव त्यात नाही कारण तेव्हा ते काय असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आई म्हणाली, म्हणजे आंबोळ्याच की, फक्त तव्यावर टाकायच्या राहिल्या.

त्या जर्मन बिअरचं एक सांगायचं राहिलं, ती बाटलीतली नव्हती. पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीतून, म्हणजे जिथं बनवतात तिथंच विकतात अशा छोट्या जागेतून, त्याच दुपारी ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून आणलेली. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात सरकारनं मायक्रोब्रुअरीवाल्यांना ताजी बिअर अशी पार्सल द्यायला परवानगी दिली. ही पाश्चराइझ केलेली नसते त्यामुळे सतत फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, पण चव अशी की पहिल्या घोटाला सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. टेस्टिंग करायचं तर असा एक तरी ताजा प्रकार आणाच, बाकीच्यांची लाज निघते. पुण्याला या बाबतीत बढाई मारायचा हक्क आहे, २००९ मध्ये आपल्या इथंच डूलाली सुरू झाली तेव्हा देशात मायक्रोब्रुअरी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. आणि ते नाव कुठून आलं माहितीय का, नाशिकजवळच्या देवळालीवरून. इंग्रजांच्या काळात तिथं लष्कराचा तळ होता, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर तिथं महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि कंटाळून डोक्यावर परिणाम व्हायचा, त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे, म्हणजे देवळालीचा ताप! आमच्यातले एक भाऊसाहेब देवळालीचेच, त्यांना हे साठाव्या वर्षी कळलं, त्यानंतर अर्धा तास ते दुसऱ्या विषयावर बोललेच नाहीत.

आयपीएला मात्र मार खाल्ला, आणि चूक माझी. नाव इंडिया पेल एल, लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा ब्रुअर अठराव्या शतकाच्या शेवटी ही असली जादा हॉप्सवाली बिअर जहाजानं मुंबई-कलकत्त्याला पाठवायचा, आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी पोचायची, हॉप्समुळे टिकायची. आताची आयपीए उलट ताजीच प्यावी लागते कारण तिची सगळी मजा हॉप्सच्या वासात आणि तो वास सगळ्यात आधी उडतो. माझा कॅन नुकताच भरलेला होता, पपनसाच्या सालीचा सणसणीत वास, पण मी टेबलावर भडंग आणि मिरचीचा ठेचा मांडून बसलेलो. कडू बिअरवर तिखट खाल्लं की तोंडात आग दुप्पट होते. दोघांनी ठेचा-भाकरीचा घास घेऊन आयपीएचा घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी, एकानं कागदावर नुसतं 'कारलं' लिहिलं. म्हणून सांगतो, मध्ये मध्ये खायला साधे कुरमुरे आणि पाणी ठेवा, तिखट असेल ते गव्हाच्या बिअरबरोबर द्या, लागरबरोबर बाकरवडी फार छान जाते, आणि काळ्या स्टाउटबरोबर शेंगदाण्याची चिक्की. भाजका दाणा, गूळ आणि ती भाजक्या सातूची कॉफीसारखी चव, ही जोडी मी शपथेवर सांगतो त्या निळ्या चीजच्या बापाला ऐकणार नाही. स्टाउट फ्रिजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवायची, गारठलेली असेल तर जिभेला काहीच कळत नाही. एकानं तिच्यात बर्फ मागितला. दिला नाही.

शेवटी स्ट्राँग ठेवली होती, मुद्दाम, नाव झाकून. ५ टक्क्यांपर्यंत साधी आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग अशी आपल्याकडे विभागणी आहे, आणि खप स्ट्राँगचाच जास्त. आमच्यातले चौघं एरवी तीच पितात. पाच प्रकार सावकाश चाखून झाल्यावर त्यांना तीच दिली तर चौघांपैकी तिघांनी 'गोडसर, गरम, घशाला लागते' म्हणून सगळ्यात कमी मार्क दिले. नाव उघड केल्यावर एकजण म्हणाला, तू ओतण्यात काहीतरी केलंस.

घरी जायचं आधीच ठरवलेलं होतं, रिक्षा नाहीतर कॅब. वर मी ३५ मिलीचा हिशोब दिलाय तो वाचून कुणाला वाटेल एवढ्याशानं काय होतंय, तर कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि आमच्या वजनाच्या माणसाला दोन तासांत एवढी बिअर ती ओलांडायला पुरू शकते. पहिल्यांदा सापडलात तर दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तरीही एकजण स्कूटर घेऊन आलाच. त्याची किल्ली आल्याआल्या काढून घेतली.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या पेपरला माझी विनंती अशी की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा टेबल कसं सजवायचं याच्या आधी बाटली कशी निवडायची ते छापा. वाचकांना सांगा की तारीख बघा, तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, बाहेर उन्हातल्या थप्पीतली घेऊ नका, हिरव्या-पांढऱ्या बाटलीपेक्षा तपकिरी किंवा कॅन घ्या, आणि आणल्यावर गॅसच्या ओट्याशेजारी ठेवू नका. कंपन्यांना माझं म्हणणं एवढंच, 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे' हे जेवढ्या ठळक अक्षरात छापावं लागतं (आणि ते छापलंच पाहिजे, खरंच आहे ते) त्याच्या निम्म्या आकारात तरी भरल्याची तारीख छापा, साठीच्या माणसाला दुकानाच्या उजेडात वाचता येईल अशी. आणि दुकानदारांनो, तुमच्या दुकानात जागा कमी आहे हे मला दिसतं, पण थप्पीवर एखादी ताडपत्री तरी टाका, आइस्क्रीम ठेवाल का हो तुम्ही फुटपाथवर?

काही लोक म्हणतील, बिअरच्या ताजेपणावर कसली पत्रं लिहिता, प्यायचीच कशाला. नका पिऊ ना, उत्तमच, आमची आई कुठं पिते. पण जो पैसे मोजून घेतो त्याला लेबलवर लिहिलंय ते मिळायला हवं, एवढं तर बेअरिंगच्या बाबतीतसुद्धा आम्ही बघायचो.

परवा त्या पहिल्या दुकानात पुन्हा गेलो होतो. थप्पी तिथंच. मी बाटली उजेडाकडे धरली तसा तो पोरगा आतूनच ओरडला, 'काका, तुमच्यासाठी आतली काढतो, थांबा.' म्हणजे आतली असते, आणि मागणाऱ्याला मिळते. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसानं बाहेरचीच घेतली.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. – स्कूटरची किल्ली मी पोह्यांच्या डब्यात लपवली होती आणि मग आम्ही सगळेच विसरलो. मित्र दोन दिवस त्याच्या घरी कपाटं उपसत होता. सोमवारी सकाळी पोहे भिजवताना बायकोच्या हाताला लागली.